डब्यातल्या शंकरपाळ्या : संपवायच्या की टाकायच्या?

लग्नाच्या रुखवतातल्या किंवा सणाला शेजारून आलेल्या शंकरपाळ्या, करंज्या महिना महिना डब्यात पडून राहतात. वस्तीत फिरताना आम्ही भगिनींना आधी एवढंच सांगतो : वास घ्या. तळणातलं तेल हवा, उजेड आणि उष्णता लागून खवट होतं. खवट झालेला पदार्थ भाजून किंवा पुन्हा तळून सुधारत नाही, तो टाकावा. ओल्या नारळाची करंजी एक-दोन दिवसांत संपवावी. बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून उरलेलं खाऊ नये.

शंकरपाळ्या नुसत्या मऊ पडल्या असतील तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर परताव्यात. जाडसर कुटून गरम दुधात घालाव्यात. वरून साखर नको. मधुमेह असलेल्यांनी चवीपुरत्याच खाव्यात. मुलांना जेवणाऐवजी देऊ नयेत. मैदा, साखर, तेलाने पोट भरतं, पोषण होत नाही.

आणखी एक. आपल्याला खाववत नाही ते कचरा उचलणाऱ्या ताईच्या हातावर ठेवू नका. शिळं वाट्याला येणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांनी भोगलं आहे. द्यायचं तर पहिल्याच दिवशी, ताजं द्या.