जाहीर किल्लीचें रूपांतर

आपल्या जिल्ह्यांतील पैठण येथें श्रीचक्रधरस्वामींचें वास्तव्य होतें. त्यांच्या महानुभाव पंथानें पुढें, चौदाव्या शतकापासून, आपले ग्रंथ 'सकळ' नांवाच्या गुप्त लिपींत लिहून ठेविले. एका अक्षराऐवजीं दुसरें ठरीव चिन्ह, ही त्या लिपीची किल्ली. ती ज्यास ठाऊक, तो लिहूंही शके आणि वाचूंही शके. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं ती उलगडली, आणि पंथाबाहेरील अभ्यासकांस ते ग्रंथ वाचण्याची वाट मोकळी झाली.

एकाच किल्लीच्या पद्धतींत मोठी अडचण ही कीं, दूरच्या माणसास ती कळवावी कशी? वाटेंत ती परक्याच्या हातीं पडली कीं गुपित फुटलेंच. १९७६ सालीं डिफी व हेलमन ह्या अमेरिकन संशोधकांनीं जोडकिल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली. जोडींतील एक किल्ली जाहीर, ती कोणासही द्यावी. दुसरी खाजगी, ती स्वतःजवळच ठेवावी.

दूरच्या संगणकांत सुरक्षित प्रवेश करण्यासाठीं 'एसएसएच' ही पद्धत १९९५ सालीं फिनलंडमध्यें टाटू यलोनेन ह्यांनीं रचिली. तींत ही जोडी उपयोगीं पडते. आपली जाहीर किल्ली दूरच्या संगणकावर आधींच ठेविलेली असते. प्रवेशाच्या वेळीं आपला संगणक खाजगी किल्लीनें सही करितो व दूरचा संगणक ती सही जाहीर किल्लीनें पडताळून पाहतो. खाजगी किल्ली घराबाहेर पडतच नाहीं.

मग रूपांतराचा प्रश्न कोठें येतो? एकच मजकूर मोडींतही लिहितां येतो व बाळबोधींतही. लिपी बदलते, अर्थ बदलत नाहीं. 'आरएसए' प्रकारची जाहीर किल्ली म्हणजे मुळांत दोन संख्या. परंतु त्या लिहिण्याच्या रीती अनेक. 'ओपनएसएसएच' ती एका लांब ओळींत लिहितें. 'पुटी' ह्या प्रणालीचें किल्ली बनविण्याचें साधन ती अनेक ओळींत, आरंभीं व शेवटीं खूण घालून, जतन करितें. ओपनएसएसएचच्या 'ऑथोराइज्ड कीज' ह्या फायलींत मात्र दर किल्लीस एकच ओळ लागते. तेथें अनेक ओळींची प्रत चिकटविली, तर किल्ली खरी असूनही दार उघडत नाहीं.

ह्यास उपाय सोपा आहे. 'एसएसएच-कीजेन' ह्या आज्ञेस 'आय' ही खूण, आणि 'एफ' ह्या खुणेपुढें फायलीचें नांव दिलें, कीं एका ओळीची प्रत मिळते. 'ई' ही खूण उलट रूपांतर करिते. नंतर दोन्ही प्रतींचा 'फिंगरप्रिंट', म्हणजे किल्लीचा ठसा, ताडून पाहावा. तो एकच निघाला म्हणजे रूपांतर बिनचूक झालें असें समजावें.

एक गोष्ट मात्र ध्यानांत धरा. ह्या कामास खाजगी किल्ली लागत नाहीं. "रूपांतर करून देतों" असें म्हणून कोणी ती मागितली, तर कदापि देऊं नये. चुकून दिली गेलीच, तर जुनी जाहीर किल्ली सर्व ठिकाणांहून काढून टाकावी आणि नवी जोडी करावी. लिपी कोणतीही चालेल. गुपित तेवढें ज्याचें त्यानेंच सांभाळावें.