पाठ म्हणणे आणि वाचणे
(लहान मुलांच्या वाचनारंभाविषयी शिक्षकांसाठी व आईबापांसाठी एक पाठ)



खेड्यातील पुष्कळ घरी संध्याकाळी असा देखावा दिसतो की, पहिलीतले मूल पुस्तक मांडीवर घेऊन एक पानभर कविता घडाघडा म्हणते, आणि ज्या बापास स्वतः अक्षर येत नाही तो धन्यता मानून म्हणतो, "पोर वाचावयास शिकले." परंतु त्या मुलाने खरोखर वाचले काय? कित्येकदा त्याचे डोळे पानावर असतात आणि वाणी मात्र स्मरणावर चालत असते. अशा मुलापुढे नवे पान ठेवले म्हणजे ते गप्प बसते. मग दुसरी जाते, तिसरी जाते, पुस्तके जाड होत जातात, आणि इतके सारे पाठ करणे कोणासच साधत नाही. शेवटी त्याच्या माथी 'मठ्ठ' हा शब्द बसतो व शाळा सुटते. दोष मुलाचा नसतो. पाठ म्हणणे आणि वाचणे ह्या दोहोंमधला पूल कोणी बांधून दिलेला नसतो.

तो पूल ध्वनीचा आहे. तो कसा बांधावा, आणि त्या कामी कवितेचा उपयोग कसा करावा, एवढेच ह्या पाठात सांगावयाचे आहे.

१. कान आधी, डोळा मागून

कविता पाठ करणे वाईट, असे कोणी समजू नये. जात्यावरच्या ओव्या, अंगाईगीते, फेर धरून म्हणावयाची गाणी ही मुलाच्या कानाची पहिली शाळा होय. यमक ओळखणारे मूल, नकळत का होईना, शब्दाचे तुकडे ओळखत असते. 'आला' आणि 'झाला' ह्यांचा शेवट सारखा आहे हे ज्यास ऐकू येते, त्यास पुढे तो शेवट एकाच अक्षराने लिहितात हे समजणे सोपे जाते.

ह्या गोष्टीची परीक्षाही झालेली आहे. इंग्लंडात लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट ह्या दोघा संशोधकांनी १९८३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चार-पाच वर्षांच्या मुलांस काही शब्द ऐकवून त्यांतला वेगळ्या ध्वनीचा शब्द निवडावयास सांगितले होते. ज्यांस ही निवड चांगली साधली, ती मुले पुढे वाचनातही बहुधा पुढे राहिली. मग ज्यांस ती साधली नव्हती अशांपैकी ६५ मुले घेऊन त्यांचे गट केले व दोन वर्षे शिकविले. ज्या गटास ध्वनींच्या खेळाबरोबर अक्षरेही हाती दिली, त्या गटाची प्रगती सर्वांत अधिक झाली. ह्यावरून शिक्षकाने दोन गोष्टी घ्याव्या. कान तयार करावा, आणि तयार झालेल्या कानास लगेच अक्षराची जोड द्यावी. नुसते गाणे पुरत नाही, आणि नुसती अक्षरेही पुरत नाहीत.

२. आपल्या लिपीचे सोपेपण व तिच्या अडचणी

आपल्या देवनागरीस 'बाळबोध' असे सुंदर नाव आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात; आपल्याकडे अक्षर आणि उच्चार ह्यांचा संबंध पुष्कळच सरळ आहे. आपली व्यंजने ३४ व बाराखडीची रूपे १२. म्हणजे सारी मिळून ४०८ अक्षरे होतात. परंतु ४०८ आकृत्या घोकावयाच्या नसतात. ३४ अक्षरे आणि थोड्या खुणा शिकल्या म्हणजे बाकीची आपोआप वाचता येतात. हे रहस्य मुलास समजले पाहिजे. 'क काना का, क पहिली वेलांटी कि' असे तालावर म्हणणारे मूल 'मि' पुढे अडखळते, ते खुणेचे नाव शिकले पण तिचा ध्वनी शिकले नाही म्हणून. खुणांची नावे लिहिताना उपयोगी पडतात. वाचताना ध्वनीच पाहिजे.

तथापि चार ठिकाणी मूल अडते, ती शिक्षकाने आधीच जाणून असावी.

पहिली अडचण शेवटच्या अकाराची. 'कमळ' हा शब्द लिहिताना तीन अक्षरे, परंतु बोलताना 'क-मळ्' असे दोनच ठोके पडतात. मूल 'क, म, ळ' असे तिन्ही पुरते उच्चारते, आणि त्या तीन ध्वनींतून तळ्यातले फूल त्याच्या मनापुढे उभेच राहत नाही. म्हणून अक्षरे सुटी म्हटल्यावर लगेच, "आता बोलतो तसे म्हण," असे सांगावे.

दुसरी पहिल्या वेलांटीची. 'दिवा' ह्या शब्दात वेलांटी 'द'च्या आधी लिहितात आणि तिचा ध्वनी मात्र मागून येतो. सबंध अक्षर एकदम पाहावयास शिकविले म्हणजे ही अडचण जाते.

तिसरी सारख्या रूपांची. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व ह्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के बसल्यावर काही दिवसांनी दुसरे घ्यावे.

चौथी च, ज, झ ह्यांच्या दुहेरी उच्चारांची. 'चाक' आणि 'चिमणी', 'जाळे' आणि 'जीव', 'झाड' आणि 'झिम्मा' हे शब्द म्हणून पाहा. अक्षर एक, उच्चार दोन. मूल विचारील तर दटावू नये. ते नीट ऐकते आहे असे समजून शाबासकी द्यावी.

येथेच घरच्या बोलीविषयी एक शब्द. वऱ्हाडातले मूल 'काळा' ह्यास 'काया' म्हणते. कोठे 'पाणी' ह्यास 'पानी' म्हणतात. ही त्याच्या आईची भाषा आहे; तिला हसू नये. "घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात हे अक्षर असे म्हणते," एवढे सांगणे पुरे. ज्याच्या बोलीचा अपमान होतो ते मूल तोंड मिटून घेते, आणि मिटलेल्या तोंडास वाचन शिकविता येत नाही.

३. एक नमुना

पुढील चार ओळी ह्याच पाठासाठी जुळविल्या आहेत. त्यांत काना सोडून दुसरी एकही खूण नाही.

काळा काळा ढग आला,
गार गार वारा आला,
गडगड गडगड नाद झाला,
सारा माळ गार झाला.

पहिल्या दिवशी फळ्यावर काहीही लिहू नये. ओळी म्हणाव्या, मुलांनी वाऱ्यासारखे डोलावे, ढगासारखे गरजावे. दुसऱ्या दिवशी टाळ्या: 'काळा' ह्यास दोन, 'गार' ह्यास एक, 'गडगड' ह्यासही दोनच. तिसऱ्या दिवशी कानाची परीक्षा: "गाव, गाल, माळ, गाय, ह्यांत वेगळा सुरू होणारा कोणता?" नंतर "'आला'सारखे आणखी शब्द सांगा," म्हणावे. मुले 'गेला, केला, नेला' असे सांगतील. हे सर्व तोंडी व्हावे.

मग ओळी मोठ्या अक्षरांत लिहाव्या व एकेका शब्दाखाली बोट धरून सावकाश म्हणाव्या. "'गार' कोठे कोठे आहे?" असे विचारावे; तो तीन ठिकाणी सापडेल. त्यातून ग, र आणि काना वेगळे करून दाखवावे. दररोज एक-दोन अक्षरे ह्याप्रमाणे घेतली म्हणजे ह्या चार ओळींतून क, ळ, ढ, ग, ल, र, व, ड, न, द, झ, स, म ही १३ व्यंजने, 'आ' हा स्वर व काना एवढी सामग्री हाती येते.

आता खरी कसोटी. कवितेत नसलेले शब्द त्याच अक्षरांनी लिहावे: नाक, कान, दार, गाव, डाळ, मका, झाड, वाडा, लाल, मगर, कमळ. मग वाक्ये: "दादा, गाडा काढ. काका, दार लाव. लाल दगड आण," ह्यांतले शेवटचे वाक्य शिक्षकाने लिहू नये, कारण 'ण' अजून शिकविला नाही, त्याऐवजी "लाल दगड काढ," असे लिहावे. न शिकविलेले अक्षर पुढे ठेवणे म्हणजे मुलास अंदाज करावयास लावणे होय, आणि अंदाजाची सवय लागली की ती लवकर सुटत नाही. उलट, ज्या शब्दाची त्यास कोणी ओळख करून दिली नाही असा शब्द मूल स्वतःच्या बळावर वाचते, त्या घटकेस ते वाचक झाले.

४. साहित्य कोठून आणावे

साहित्य नाही म्हणून कोणी अडू नये. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, म्हणूनच 'धुळाक्षरे' हा शब्द झाला. मारिया माँटेसरी ह्यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून ती शिकत. दोन्हीकडे तत्त्व एकच: बोट, डोळा व कान एकदम कामास लागावे. बोट फिरविताना तोंडाने ध्वनी म्हटलाच पाहिजे.

आपल्याकडे ताराबाई मोडक ह्यांनी ते बालशिक्षण खेड्यात नेले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे काम आरंभिले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. तेथे व पुढे कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी गरीब व आदिवासी मुलांकरिता शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. चिंचोके, शंख-शिंपले, पाने, बिया हेच त्यांचे साहित्य. मग आपल्या गावी चिंचोक्यांनी 'ग' मांडावयास काय हरकत आहे?

५. किती वेळ द्यावा

दररोज अर्धा तास पुरे: ५ मिनिटे ध्वनीचे खेळ, १० मिनिटे अक्षर ओळखणे व गिरविणे, १० मिनिटे नवे शब्द वाचणे, ५ मिनिटे कविता. मात्र एक दिवसही खाडा नसावा. तसेच धीर धरावा. सोनाली नाग ह्यांनी कानडी शाळांतील मुलांचा अभ्यास करून २००७ साली असे दाखविले की, अशा लिपीत सर्व अक्षरे हस्तगत होण्यास पहिली-दुसरीच काय, पुढचीही वर्षे लागतात. आपली लिपी त्याच घडणीची आहे. तेव्हा जोडाक्षरे व रफार तिसरीत अडले म्हणून मूल मागे पडले असे समजू नये, शिकवीत राहावे.

६. निरक्षर आईबापांस दोन उपाय

स्वतःस अक्षर न येणाऱ्या आईबापांसही मूल वाचते की पाठ म्हणते हे ओळखता येते. पहिला उपाय: पानाच्या मध्यावर कोणत्याही शब्दावर बोट ठेवावे व "हा कोणता?" असे विचारावे. मूल आरंभापासून गुणगुणत तेथवर आले तर ते पाठ म्हणत आहे. थेट सांगितले तर वाचत आहे. दुसरा: "हाच शब्द आणखी कोठे आहे, दाखव," म्हणावे. दोन्ही शब्दांची रूपे सारखी आहेत की नाहीत हे आपल्या डोळ्यांसही दिसते.

मूल पाठच म्हणत आहे असे आढळले तर मारू नये, रागावू नये. दुसऱ्या दिवशी गुरुजींस किंवा बाईंस भेटून तेवढे सांगावे. ज्याने कविता कानात साठविली आहे त्याचे अर्धे काम झालेलेच आहे. उरलेले अर्धे आपण मोठ्यांनी करावयाचे आहे.

अभ्यासाचे प्रश्न

१. पाठ म्हणणे व वाचणे ह्यांत भेद काय?
२. 'गडगड' ह्या शब्दास टाळ्या दोन व अक्षरे चार, असे का?
३. वरील १३ व्यंजने, 'आ' व काना घेऊन पाठात न आलेले दहा शब्द तयार करा.
४. आपल्या गावच्या मुलांच्या बोलीत कोणते ध्वनी पुस्तकाहून वेगळे आहेत? त्यांची यादी करा.
५. ह्या आठवड्यात एका मुलाची सहाव्या भागातील रीतीने परीक्षा घ्या व काय आढळले ते शिक्षकांच्या पुढील सभेत सांगा.