घोड्याच्या दिवसाला साजेशी पागा

प्रश्न : माझी मुलगी काही वर्षांपासून घोडेस्वारी शिकते आहे. आता तिच्यासाठी एक मारवाडी घोडी घ्यावी असा विचार आहे. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे घोडी दुसऱ्याच्या पागेत, दरमहा पैसे भरून ठेवावी लागेल. दोन ठिकाणे पाहून आलो. एकीकडे गुळगुळीत फरशी, प्रत्येक घोड्याच्या नावाची पितळी पाटी, पंखे, सगळे चकाचक. दुसरीकडे साधे छप्पर, कच्ची वाट आणि मागे मोठे मोकळे मैदान. घोड्यासाठी आदर्श पागा नेमकी कशी असते? आणि सगळेच मिळणार नसेल, तर कोणत्या गोष्टींवर तडजोड करू नये?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आदर्श पागा डोळ्यांसमोर आणायची झाली की आपण इमारतीपासून सुरुवात करतो. मला वाटते, सुरुवात घोड्याच्या दिवसापासून करावी. मोकळ्या रानातला घोडा चोवीस तासांपैकी चौदा-सोळा तास चरतो. चार घास घेतो, दोन पावले पुढे जातो, पुन्हा तोंड खाली घालतो. असे करत दिवसभरात तो कित्येक किलोमीटर चालतो. हे सगळे तो कळपात करतो, एकटा नव्हे. त्याची झोप अगदी थोडी, तीही तुकड्या-तुकड्यांची. पागेत आणल्यावर या दिनक्रमाला भिंती पडतात. ज्या पागेत तो कमीत कमी मोडतो, ती पागा आदर्शाच्या जवळची. बाकी सगळे यातूनच निघते.

पोटापासून पाहू. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे. त्यात आम्ल मात्र अखंड पाझरत असते, पोटात काही असो वा नसो. त्या आम्लाला उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याच्या तोंडाला लाळ सुटते ती चावत असतानाच. म्हणजे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा भरपूर चंदी दिली नि मधले तास गव्हाण रिकामी ठेवली, तर घोडा उपाशी दिसत नाही, पण त्याच्या जठराला व्रण होऊ लागतात. त्यातून घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात बिघडले की ते आतच साचते. पोटशूळ हे घोड्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे, आणि त्याची मुळे बहुतेकदा खाण्यापिण्यातल्या हेळसांडीत असतात. चारशे किलोच्या घोडीला रोज साधारण आठ किलो सुके गवत लागते. ते दिवसभर पुरवून द्यायला हवे. बारीक छिद्रांच्या जाळीत भरले तर ती सावकाश खाते. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणखी जास्त, आणि ते सतत समोर. ओट, हरभरा, कोंडा ही चंदी कामाच्या मानाने आणि थोडी थोडी विभागून द्यावी. पोट भरायचे ते गवतानेच.

दुसरी गोष्ट चालण्याची. खूर जमिनीवर टेकतो तेव्हा किंचित फाकतो, उचलला की आवळतो, आणि या हालचालीने पायातले रक्त वर ढकलायला मदत होते. ठाणावर तासन्‌तास उभ्या असलेल्या घोड्याचे पाय सुजतात, ते याचमुळे. तासभराची स्वारी ही मोकळे सोडण्याची जागा घेऊ शकत नाही. स्वारीत घोडा स्वाराच्या मर्जीने चालतो. मैदानात तो त्याच्या मर्जीने चालतो, लोळतो, थांबतो, वारा हुंगतो. ठाणबंद घोडे तासन्‌तास एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलतात किंवा गव्हाणीची कड दातांत धरून हवा ओढतात. पूर्वी याला घोड्याची खोड म्हणत आणि गळ्याला पट्टा आवळून ती मोडू पाहत. आज आपल्याला ठाऊक आहे की कोंडून ठेवणे, कमी वैरण आणि एकटेपणा यांतून हे सुरू होते. पागेत असे घोडे बरेच दिसले, तर दोष घोड्यांचा नसतो.

तिसरी गोष्ट सोबतीची, आणि ती झोपेशी जोडलेली आहे. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे सर्वांना माहीत असते. गाढ, स्वप्नांची झोप मात्र त्याला आडवे पडल्याशिवाय लागत नाही. ती रोज अर्धा-पाऊण तास तरी मिळावी लागते. आडवा पडलेला घोडा पळू शकत नाही, म्हणून सुरक्षित वाटल्याखेरीज तो पडतच नाही. कळपात एक जण उभा राहून राखण करतो, तेव्हा दुसरे निजतात. पागेत शेजारी ओळखीचा घोडा दिसत असेल, कोरडे मऊ अंथरूण असेल आणि पाय पसरायला जागा असेल, तरच घोडी निजेल. दोन ठाणांच्या मधली भिंत छतापर्यंत भरीव करू नये. वरच्या भागात जाळी असावी, म्हणजे शेजारी दिसतो आणि त्याचा वास येतो.

आता ठाण. बारा फूट लांब, बारा फूट रुंद हे आज सर्वत्र मानले जाणारे माप आहे. व्यायला आलेल्या घोडीला याहून मोठे हवे. मापापेक्षाही महत्त्वाची हवा. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. त्यामुळे धूळ, बुरशी आणि मुताचा उग्र अमोनिया थेट त्याच्या फुप्फुसांत जातो, आणि खोकला एकदा जडला की जन्मभर पुरतो. छप्पर उंच असावे आणि त्याच्या कण्याला गरम हवा बाहेर जाण्याची वाट असावी. पत्र्याचे छप्पर पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तापते, म्हणून त्याखाली दुसरा थर घालावा किंवा वर झाडाची सावली असावी. या दिवसांत पंखे खरेच उपयोगी पडतात. फक्त त्यांच्या तारा घोड्याच्या तोंडाला लागता कामा नयेत. गुळगुळीत फरशी मात्र धोक्याची. ओल्या फरशीवर नाल घसरते आणि पडलेला घोडा पाय मोडून घेऊ शकतो. खडबडीत जमीन, तिला हलका उतार, बाहेर जाणारी नाली, वर रबरी चटई आणि भाताचा पेंढा किंवा धूळ नसलेला लाकडाचा भुसा, एवढे पुरे.

ही दृष्टी नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पागेचा आराखडा दिला आहे. अश्वशाळेची रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट, चार दारे, आणि मध्यभागी घोड्यांना लोळण्यासाठी मोकळी जागा. प्रत्येकाचे ठाण चौरस, बाजू घोड्याच्या लांबीएवढी, तळाशी गुळगुळीत फळ्या, चाऱ्याची गव्हाण, मलमूत्र बाहेर जाण्याची सोय, आणि तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. घोड्या, वळू घोडे आणि शिंगरे यांची जागा वेगवेगळी. अश्वशाळेत माकडे, मोर, मुंगूस, पोपट, साळुंक्या असाव्यात असेही तो सांगतो. मोर नि मुंगूस साप खातात हे त्याने अन्यत्र नोंदवलेच आहे. तळाच्या फळ्यांबाबत आजचा पशुवैद्य वेगळा सल्ला देईल. पण राजाच्या पागेचा विचार करणाऱ्या माणसाने घोड्याच्या लोळण्याची जागा मधोमध धरली, हे मला फार मोलाचे वाटते.

चाऱ्याच्या साठवणीबद्दल आपल्याकडे त्याहून जवळचा आणि अधिक कळकळीचा दाखला आहे. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळा तोंडावर आला होता. दाणागोटा आणि वैरण आताच उधळली, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यांनी बजावले. उपाशी सैनिक मग रयतेला छळतील, ही काळजीही त्याच पत्रात आहे. आणि आगीची तर बारीकसारीक ताकीद आहे : गवताजवळ कोणी चूल पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, रात्री जळता दिवा राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवतासकट पागा जळेल. गेल्या साडेतीनशे वर्षांत यातली एकही गोष्ट जुनी झालेली नाही. आदर्श पागेत गवताची गंजी घोड्यांच्या छपराखाली नसते, ती वेगळ्या, कोरड्या, उंच चौथऱ्यावर असते. पावसाळाभर पुरेल एवढा साठा जूनच्या आत भरलेला असतो. बुरसलेली पेंढी ‘थोडीशीच आहे’ म्हणून कोणी गव्हाणीत टाकत नाही. आणि आग लागलीच, तर प्रत्येक ठाणाचे दार बाहेरून एका हाताने उघडते.

पावसाळा ही आपल्याकडची मोठी परीक्षा. मारवाडी घोडा मूळचा कोरड्या मुलखातला. चार महिने चिखलात उभा राहिला, तर खुराच्या तळाला सड लागते आणि काळा, घाण वासाचा स्राव येतो. म्हणून मैदानाच्या फाटकापाशी आणि पाण्याच्या टाकीभोवती मुरूम-खडीचा निचरा हवा, आणि खूर रोज साफ करायला हवेत. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. उकिरडा पागेपासून दूर हवा, कारण माश्या तिथेच वाढतात. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रासारखा जीवघेणा रोग पसरतो.

कुंपणाकडेही नीट पाहा. काटेरी तारेने घोड्याच्या कातडीच्या चिंध्या होतात, तिथे लाकूड किंवा रुंद पट्टी हवी. शोभेसाठी लावलेली कण्हेर मूठभर पानांतही घोड्याचा जीव घेऊ शकते, आणि एरंडाच्या बियाही विषारी. गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याच्या तोंडी जाता कामा नये, कारण त्यात कधीकधी मोनेन्सिन हे औषध असते. गुरांना ते चालते, घोड्याच्या हृदयावर घाव घालते.

तुमची घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतून आली किंवा कुठूनही आली, तरी चांगली पागा तिला लगेच इतरांत मिसळू देणार नाही. दोन-तीन आठवडे वेगळे ठाण, वेगळी बादली, वेगळा खरारा. ग्लँडर्ससाठी रक्ताची तपासणी झाल्याचा कागदही मागेल. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित जनावर कायद्याने मारावे लागते. या अटींचा राग मानू नका. इतरांच्या घोड्यांसाठी जी पागा एवढी कडक आहे, ती उद्या तुमच्या घोडीलाही तसेच जपेल.

आणि आता पागेचा प्राण : मोतद्दार. पागेचे मालक महिन्यातून किती वेळा येतात, याला फारसे महत्त्व नाही. तुमच्या घोडीला पहाटे पहिले पाहणारा माणूस मोतद्दार असतो. तिने रात्रीचे गवत का ठेवले, लीद आज कमी का, ती मागचा डावा पाय का उचलून धरते आहे, हे त्याच्या नजरेत येते. पोटशूळात दोन तास लवकर कळणे म्हणजे कधीकधी जीव वाचणे. त्याला घोड्याचा ताप मोजता यायला हवा आणि शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते हे ठाऊक हवे. म्हणून मी पागेबद्दल विचारायच्या प्रश्नांत हे आवर्जून घालीन : एका मोतद्दाराकडे किती घोडे? तो इथे किती वर्षे आहे? त्याला राहायला धड खोली, वेळेवर पगार आणि आठवड्याची सुट्टी मिळते का? जिथे मोतद्दार दर दोन महिन्यांनी बदलतात, तिथे घोडी कोणालाच नीट माहीत नसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तडजोड कशावर चालेल? नावाच्या पाटीवर, बैठकीच्या खोलीवर, स्वारीच्या रिंगणाच्या रंगावर. हिरव्या कुरणावरही, कारण पुणे-मुंबईच्या आसपास ते मिळणे कठीण आहे. उघडे, कोरडे मैदान चालेल, फक्त गवत वाळूवर टाकू नये. गवतासोबत पोटात गेलेली वाळू साचून शूळ उठतो. तडजोड चालणार नाही अशा गोष्टी चार : दिवसभर पुरणारे गवत, रोज काही तास मोकळे सोडणे, दुसऱ्या घोड्याची सोबत, आणि रात्री पागेवर राहणारा जाणता माणूस, ज्याच्या हाकेला पशुवैद्य येतो. करारात हेही लिहून घ्या की तुमचा फोन लागला नाही तर उपचाराचा निर्णय कोण घेईल आणि किती खर्चापर्यंत.

ठरवण्याआधी दोन्ही ठिकाणी पुन्हा जा, पण भर दुपारी, जेव्हा स्वारी नसते आणि पाहुणे नसतात. गव्हाणीत गवत आहे का पाहा. पाण्यात हात घाला. ठाणात गुडघ्यावर बसून श्वास घ्या, कारण घोडा निजतो तो त्या उंचीवर. तिथे डोळे चुरचुरले तर वरच्या पंख्यांचा काही उपयोग नाही. मोतद्दाराला कुठल्याही एका घोड्याबद्दल विचारा आणि तो किती सांगतो ते ऐका. हे सगळे दोन्ही ठिकाणी सारखेच उतरले, तर चकाचक पागा खुशाल घ्या. उतरले नाही, आणि मैदानातले घोडे मान खाली घालून निवांत चरताना दिसले, तर कच्च्या वाटेची पागा निवडा. छपराची डागडुजी पैशाने होईल, पण वर्षभर कोंडून, अर्धपोटी ठेवलेल्या घोडीची भरपाई कोणत्याही पैशाने होत नाही.