घरालाही श्वास हवा

(उन्हाळ्यात घर थंड कसे ठेवावे, हिवाळ्यात ऊब घेताना कोणती काळजी घ्यावी आणि घरातील हवा शुद्ध कशी राखावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, माणूस अन्नावाचून काही दिवस जगू शकतो. पाण्यावाचूनही थोडा वेळ काढू शकतो. पण हवेवाचून त्याला काही मिनिटेही काढता येत नाहीत. जेवणात खडा लागला की आपण लगेच तक्रार करतो. पाणी गढूळ दिसले की गाळून घेतो. मग घरातल्या हवेकडे आपण किती लक्ष देतो?

अहमदनगर शहर तुम्हांला माहीत असेल. मलिक अहमद निजामशहाने ते वसवले. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. हा भाग कमी पावसाचा आहे. येथील उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. या शहराजवळ फराहबाग नावाचा एक जुना महाल आहे. ‘फरह’ म्हणजे आनंद, हे तुम्हांला सांगायला नकोच! मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये, या महालाचे काम पूर्ण झाले.

हा महाल अष्टकोनी आहे आणि तो एका मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला होता. बाहेरची गरम हवा पाण्यावरून येताना थोडी थंड होई. महालाच्या भिंती दगडचुन्याच्या आणि जाड आहेत. अशा भिंती लवकर तापत नाहीत. मधले दालन उंच असून त्यावर घुमट आहे. गरम हवा हलकी असते. ती वर जाते आणि खाली बसलेल्या माणसांना गारवा मिळतो. त्या काळी वीज नव्हती, पंखे नव्हते. तरीही पाणी, सावली आणि वारा यांच्या मदतीने कारागिरांनी गारवा निर्माण केला. आज त्या तलावात पूर्वीसारखे पाणी नसते. पण महाल मात्र आपल्याला धडा देत उभा आहे.

तुम्ही म्हणाल, “तो बादशहाचा महाल! आमचे घर लहान आहे.” खरे आहे. पण खेड्यातील साध्या माणसांनाही ही युक्ती माहीत होती. जिल्ह्यातील जुनी धाब्याची घरे आठवा. त्यांच्या भिंती जाड आणि मातीच्या. छतावरही मातीचा जाड थर. बाहेर ऊन तळपत असले, तरी आत बरे वाटे. आता अनेक घरांवर पत्रे आले आहेत. पत्रा लवकर तापतो आणि घराची भट्टी होते. अशा वेळी पत्र्याला किंवा गच्चीला पांढरा चुना द्यावा. पांढरा रंग उन्हाचा बराच भाग परत पाठवतो. दुपारी उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांवर पडदे सोडावेत. संध्याकाळी बाहेरची हवा थंड झाली, की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. त्यामुळे दिवसभर साठलेली उष्णता बाहेर जाते.

माठातले पाणी थंड का होते? माठातून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते माठातील उष्णता घेते. वाळ्याचा ओला पडदा आणि कूलर हेही असेच काम करतात. म्हणून कूलर खिडकीत लावावा आणि दुसरी एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी. खोली बंद केली, तर हवा दमट होते आणि घाम वाळत नाही. पावसाळ्यात हवेत आधीच ओलावा असतो, त्यामुळे कूलरचा फारसा उपयोग होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून, घासून, कोरडा करावा.

आता धुराविषयी बोलू. चुलीचा धूर सर्वांत जास्त कोणाच्या छातीत जातो? आईच्या, आणि तिच्याजवळ बसलेल्या लहान भावंडाच्या. डोळे चुरचुरतात, खोकला येतो. “रोजचेच आहे,” असे म्हणून आई पदराने डोळे पुसते. पण हा धूर साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुले होती. म्हणून शक्य असेल तेथे गॅस किंवा गोबरगॅस वापरावा. आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी गावात गोबरगॅस वापरला गेला आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब कुटुंबांतील स्त्रियांना गॅसजोडणी मिळू लागली. चूल वापरावीच लागली, तर ती मोकळ्या जागी किंवा खिडकीजवळ असावी. लाकडे वाळलेली असावीत. ओले लाकूड फार धूर करते. डास पळवणारी कॉइल किंवा अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जाळू नये. त्यापेक्षा मच्छरदाणी चांगली.

हिवाळ्यात तर अधिक सावध राहावे. थंडी वाजते, म्हणून काही लोक कोळशाची शेगडी खोलीत ठेवतात आणि दारेखिडक्या लावून झोपतात. ही चूक जिवावर बेतते. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही आणि तो जागा होत नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळेही असाच धोका होतो. डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर लगेच दार उघडून बाहेर मोकळ्या हवेत यावे. कोणी बेशुद्ध पडले असेल, तर दारेखिडक्या उघडून त्याला बाहेर आणावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. थंडीसाठी रजई आहे, घोंगडी आहे, गरम कपडे आहेत. शेगडी मात्र झोपण्यापूर्वी बाहेर ठेवावी.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आधी खिडक्या मोजा. त्यांतील किती उघडतात, ते पाहा. एखाद्या खिडकीपुढे ट्रंक किंवा गाद्या रचल्या असतील, तर आईवडिलांना सांगून ती मोकळी करा. माणसाला श्वास हवा, तसा घरालाही हवा.

शब्दार्थ
अष्टकोनी – आठ कोपरे असलेला
दालन – मोठी खोली
धाबे – मातीचे सपाट छत
वाळा – सुगंधी मुळे असलेले गवत
दमट – ओलसर
पाझरणे – हळूहळू बाहेर झिरपणे
जिवावर बेतणे – जीव जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फराहबागेचा महाल कोठे बांधलेला होता?
(आ) पत्र्याला पांढरा चुना का द्यावा?
(इ) कार्बन मोनॉक्साइड ओळखता का येत नाही?
२. कारणे लिहा.
(अ) माठातले पाणी थंड होते.
(आ) पावसाळ्यात कूलरचा फारसा उपयोग होत नाही.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : थंड, ओला, उघडा, जाड.
४. हवा, दरवाजा, महाल, बाग हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.
५. उपक्रम : आपल्या घरात धूर कोठून येतो आणि तो कोठून बाहेर जातो, ते पाहून पाच वाक्ये लिहा.