जुन्या एमजीबीचे पुढचे आर्म : बदलायचे काय, ठेवायचे काय?

दोन वर्षांपूर्वी टॉवेल आणि चादरींच्या ऑर्डरसाठी आम्ही इंग्लंडला गेलो होतो. बर्मिंगहॅमला मुक्काम भाच्याकडे होता. त्याचे तेथे लहानसे गॅरेज आहे आणि त्यात नवी गाडी सहसा येत नाही. येतात त्या पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या स्पोर्ट्स कार. आम्ही उभी हयात कापडात घालवली, गाडीच्या पोटात काय असते ते आम्हाला ठाऊक नव्हते. पण तीन आठवडे त्या गॅरेजात बसून जे पाहिले, ते आमच्या कारागीर व व्यापारी बंधूंच्या कामाचे आहे असे वाटल्यावरून लिहीत आहोत.

त्या गॅरेजात सर्वांत जास्त येणारी गाडी म्हणजे एमजीबी. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी १९६२ ते १९८० पर्यंत बनली, पाच लाखांहून अधिक. कारखाना बंद झाला तरी धंदा बंद झाला नाही. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर या गाडीची अख्खी बॉडी नव्याने बनवू लागली. नट-बोल्टपासून सीटच्या कापडापर्यंत सर्व माल आजही मिळतो. ज्या वस्तूचे उत्पादन थांबले तिच्या सुट्या भागांवर इतकी माणसे पोट भरतात, हे पाहून आम्ही थक्क झालो.

आता मूळ मुद्दा. गाडीचे पुढचे चाक वर-खाली होते ते दोन आर्मच्या आधाराने. आर्म म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा हात. एमजीबीत खालचा हात दाबलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्यांचा असतो. त्या दोहोंच्या मध्ये थाळी आणि थाळीवर स्प्रिंग. वरचा हात मात्र वेगळा नाहीच! शॉकअ‍ॅबमधून निघालेला दांडाच वरच्या हाताचे काम करतो. ही रचना एमजीच्या १९४७ च्या वाय टाइप गाडीपासून चालत आलेली. तिच्या आखणीत अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा हात होता, ज्यांनी पुढे मिनी ही छोटी गाडी काढली. म्हणजे युद्धापूर्वीच्या डोक्यातून निघालेली वस्तू १९८० पर्यंत रस्त्यावर नवी म्हणून विकली गेली. काही वस्तू अशा असतात की बदलण्याचे कारणच पडत नाही.

खालच्या हाताचे आतले टोक चासीकडच्या दांड्यावर रबरी बुशमध्ये फिरते. बाहेरचे टोक किंगपिनच्या खालच्या भागाला एका लांब बोल्टने बांधलेले असते. झीज होते ती या दोन टोकांना. मधला पत्रा सहसा काही म्हणत नाही. यंत्रमागवाल्यांना हे सांगण्याची गरज नाही. क्रँकचा बुश खाल्ला की फणीचा ठोका सारखा पडत नाही, कापडात जाड-पातळ पट्टे येतात, आणि नवशिक्या मालक सुताला दोष देतो.

एके दिवशी एक गिऱ्हाईक १९७१ ची गाडी घेऊन आले. हातात सुट्या भागांचे पुस्तक. त्यांना चारही आर्म नवे हवे होते. तेही साधे नव्हेत, तर किंचित लांब केलेले, ज्यांच्यामुळे चाकाची वरची बाजू आत झुकते व वळणावर टायर रस्ता जास्त पकडतो. तक्रार अशी की ब्रेक मारला की पुढून ठक्क असा आवाज येतो आणि गाडी सरळ धरून राहत नाही. ऑर्डर चांगली होती. भाच्याने ती लगेच लिहून घेतली नाही, एवढेच आम्ही पाहिले.

त्याने गाडी उचलून स्टँडवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवले. चाक हलले. मग आम्हाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला व पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, नाही थांबले तर किंगपिनचा किंवा आर्मच्या टोकाचा. इतकी सोपी परीक्षा! हलणे थांबले नाही. उघडल्यावर दिसले की डाव्या बाजूला किंगपिनचा खालचा बुश ग्रीसवाचून आवळून बसला होता. तो फिरेना, म्हणून बोल्टच आर्मच्या भोकात फिरू लागला आणि गोल भोक लांबट झाले. या गाडीला प्रत्येक बाजूस तीन ग्रीस निप्पल असतात आणि दर ३,००० मैलांमागे, चाकावरचा भार उतरवून, ग्रीस भरावे लागते. कोणी भरले नव्हते.

उजव्या बाजूचे दोन्ही आर्म धडधाकट होते. भाच्याने गिऱ्हाइकाला बोलावून भोके दाखवली. म्हणाला, “साहेब, दोन आर्म घ्या, चार नको. आणि साधेच घ्या.” ते गृहस्थ जरा नाराज झाले, कारण त्यांचे मन पुस्तकातल्या चकचकीत मालावर होते. आम्हाला वाटले, गेले गिऱ्हाईक. संध्याकाळी आम्ही त्याला म्हटलेही, “बेटा, माणूस आपणहून मागतो ते नाकारायचे नसते.” तो म्हणाला, “मामू, लांब आर्म घातला असता तरी ठक्क आवाज तसाच राहिला असता. मग ते मला काय म्हणाले असते?” यावर आम्ही काय बोलणार?

शेजारच्या एका मिस्त्रीने लांबट भोके वेल्डिंगने भरून पुन्हा पाडण्याचा सल्ला दिला होता. भाच्याने तो ऐकून घेतला आणि जुने आर्म कापून भंगारात टाकले, म्हणजे पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नयेत. दाबलेल्या पत्र्याला तापवले की त्याची ताकद कुठे कमी झाली ते डोळ्याला दिसत नाही. सत्तर मैलांच्या वेगात हा हात तुटला तर चाक दुमडते. येथे काटकसर कामाची नाही.

खरी सुधारणा झाली ती बुशमध्ये. साध्या एमजीबीत प्रत्येक आर्मच्या आतल्या टोकाला रबराचे दोन अर्धे तुकडे असतात. १९७३ ते १९७६ या काळात कंपनीने आठ सिलिंडरची एमजीबी जीटी व्ही८ काढली, जेमतेम २,५९१ गाड्या. तिच्यात या जागी मध्ये लोखंडी नळी असलेला एकसंध रबरी बुश दिला. तो साध्या गाडीच्या आर्ममध्येही बसतो. चार बुश लागतात आणि ते आर्मच्या मानाने अगदी स्वस्त आहेत. गाडी सरळ चालते, ब्रेक मारताना हात मागे-पुढे सरकत नाही आणि रस्त्याचा धक्का अंगात येत नाही. पीयू बुश म्हणून आणखी कडक प्रकार मिळतो. शर्यतीसाठी तो ठीक आहे, पण नीट ग्रीस न लावल्यास बैलगाडीसारखा करकरतो. भाचा त्याच्या विरुद्ध नाही, आम्ही आहोत. त्या गाडीत बसून आमची कंबर तीन दिवस दुखत होती.

बुश बसवताना आर्मच्या डोळ्यातला गंज पूर्ण काढावा. रबराला तेल लावू नये, त्याने रबर कुजते. साबणाचे पाणी लावून वाईसमध्ये दाबून बसवावा. स्प्रिंग उतरवताना थाळीखाली जॅक घट्ट ठेवून तो हळूहळू खाली घ्यावा. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. ब्रेकचे कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावे.

एक चूक आम्ही स्वतः केली. गाडी स्टँडवर, चाके लोंबकळती, आणि आमच्या हातात पाना. आम्ही आतल्या टोकाचा नट पूर्ण आवळून टाकला, वर स्प्लिट पिनही घातली आणि मोठे काम केले अशा थाटात उभे राहिलो. भाच्याने काही न बोलता पिन काढली, नट सैल केला. कारण असे की या बुशात रबर मधल्या नळीला चिकटलेले असते. नट आवळला की नळी जागची हलत नाही, मग आर्म फिरतो तो रबराला पीळ देऊन. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते व काही महिन्यांत फाटते. म्हणून गाडी खाली घ्यायची, थोडी मागे-पुढे ढकलायची, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडायचा, आणि मग चाकांवर भार असताना शेवटचे आवळायचे.

आता त्या महागड्या आर्मविषयी. ते वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. कारखान्यातून आलेल्या एमजीबीत चाकाचा कॅम्बर, म्हणजे वरची बाजू बाहेर झुकण्याचा कोन, सुमारे एक अंश असतो आणि तो कमी-जास्त करण्याची सोयच नाही. ज्याला जोरात वळणे घ्यायची त्याला लांब आर्मचा उपयोग होतो. जुना शॉकअ‍ॅब काढून वेगळा वरचा आर्म आणि उभा शॉकअ‍ॅब बसवण्याचे संचही मिळतात. १९९२ मध्ये कंपनीने याच गाडीचे नवे रूप आरव्ही८ काढले तेव्हा तिने स्वतःच ही पद्धत घेतली. पण रविवारी बायकोला घेऊन फिरायला जाणाऱ्या माणसाला त्याची गरज पडत नाही.

आर्म किंवा बुश काहीही बदलले तरी चाकांची टो-इन तपासणे भाग आहे. या गाडीला ती १/१६ ते ३/३२ इंच लागते. ते गिऱ्हाईक चौथ्या दिवशी गाडी न्यायला आले, एक फेरी मारून परतले आणि पुढच्या खेपेस मागच्या स्प्रिंगा पाहायला सांगून गेले. भाच्याने बिलाच्या मागे पुढच्या ग्रीसची तारीख लिहून दिली.