ठिपक्याची जागा

तुमच्या उर्दूच्या वहीत 'खुश' हा शब्द लिहा. आता पहिल्या अक्षराच्या डोक्यावरचा नुक्ता पुसा आणि तोच खाली, त्या अक्षराच्या पोटात द्या. काय झाले? 'खुश'चा 'जोश' झाला! नुक्ता तोच, पण जागा बदलली आणि शब्दच बदलला.

संगणकाच्या पडद्यावरचे चित्रही असेच असते. ते असंख्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला 'पिक्सेल' म्हणतात. संगणकाला फूल किंवा पाखरू ओळखू येत नाही. त्याला फक्त संख्या कळतात. म्हणून प्रत्येक ठिपक्याविषयी त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : ठिपका कोठे आहे आणि त्याचा रंग कोणता.

आधी जागा पाहू. उर्दू आपण उजवीकडून लिहितो. संगणक मात्र सहसा डाव्या कोपऱ्यातून, वरून मोजू लागतो. भूमितीच्या आलेखात वर जाताना संख्या वाढते. येथे खाली येताना वाढते. शिवाय मोजणी १ पासून नव्हे, ० पासून असते.

आता रंग. तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून रंग तयार होतात. प्रत्येकाला ० ते २५५ पर्यंत अंक देतात. तांबडा २५५, हिरवा २५५ आणि निळा ० दिला की पिवळा दिसतो. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. अशा रीतीने १,६७,७७,२१६ रंग सांगता येतात.

एकदा मी वर्गात आलेखाच्या वहीवर ७ आडव्या व ७ उभ्या रांगा आखायला सांगितल्या. ३ क्रमांकाची आडवी रांग पूर्ण काळी करायची होती. शिवाय (२, ५), (४, ५), (१, ४) आणि (५, ४) ही घरे काळी करायची होती. कंसातील पहिला अंक आडव्या रांगेचा, दुसरा उभ्या रांगेचा. बहुतेकांचा बाण उजवीकडे वळला. एका मुलाचा बाण डावीकडे वळला, कारण सवयीने तो उजवीकडून मोजत होता. एका मुलीचा बाण खाली वळला. तिने आडव्या व उभ्या रांगांची अदलाबदल केली होती. दोघांनीही ११ घरेच काळी केली होती. चूक फक्त जागेची होती!

वहीत ही चूक खोडरबराने पुसता येते. पण सगळीकडे तसे नसते. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरील सुमारे ३६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. अशा चित्रांवरून पिकांचे व पाण्याचे नकाशे तयार करतात. झाडे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात. ते दाखवण्यासाठी संगणक त्या किरणांना तांबडा रंग देतो. म्हणून अशा चित्रात आपल्या वाशीमची हिरवीगार शेते तांबडी दिसतात आणि एकबुर्जी तलावाचे पाणी काळसर दिसते. आता विचार करा, ठिपक्यांच्या रांगा चुकल्या तर? एकाचे करपलेले शेत दुसऱ्याच्या नावावर दिसेल आणि खरा गरजू शेतकरी मदतीला मुकेल.

म्हणून मित्रांनो, ठिपका लहान असला तरी त्याची जागा लहान समजू नका. आधी कोठून मोजायचे ते ठरवा, मगच रंग भरा.

शब्दार्थ
असंख्य – मोजता न येणारे. परावर्तित करणे – परत फेकणे. करपलेले – उन्हाने वाळलेले. मुकणे – न मिळणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : मुलीचा बाण खाली का वळला?
२. कारण लिहा : उपग्रहाच्या चित्रात शेते तांबडी दिसतात.
३. करून पाहा : ८ × ८ घरे आखा. आडव्या व उभ्या रांगेच्या क्रमांकांची बेरीज सम आली तर घर काळे करा, विषम आली तर पांढरे ठेवा. कोणत्या खेळाचा पट तयार झाला?