उलट्या धबधब्याचं शास्त्र शिकायचं असेल तर

पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला पावसाळ्यात गेलात तर कड्यावरून खाली पडणारं पाणी वारा पुन्हा वर उडवताना दिसेल. सगळे फोटो काढतात आणि चिंब होऊन परततात. एखादं मूल मात्र विचारतं, ‘‘टोकाजवळ वारा उभं राहू देत नाही, मग थोडं मागे आलं की तो पडतो कसा?’’ तुमच्या घरी असं मूल असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

त्याचं उत्तर असं. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडतो, कड्याला घासून वर चढतो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. पण कड्याची धार तीव्र असेल तर त्याला तिथे वळता येत नाही. तो जमीन सोडून वरूनच पुढे जातो आणि खाली भोवरे राहतात. याच सड्यांवर, चाळकेवाडी-वनकुसवडे भागात, पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. वेगाचा अंदाज दहा टक्क्यांनी चढा निघाला तर शक्तीचा हिशेब तेहतीस टक्क्यांनी फुगतो. चक्की भोवऱ्यांच्या पट्ट्यात उभी राहिली तर वीज कमी मिळते, शिवाय पाती हादरे खात राहतात. तेव्हा चक्की धारेपासून किती मागे आणि किती उंच उभारायची, हे सांगणारा माणूस लागतो. डोंगरावरचा वारा मोजणं आणि संगणकावर तो पुन्हा वाहता करणं, हे त्याचं काम.

या विषयातला एक प्रयोग मला फार आवडतो. स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर आस्करव्हेन नावाची ११६ मीटर उंचीची साधी टेकडी आहे. १९८२ आणि १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्यावर पन्नासेक मनोरे उभारून वारा मोजला. माथ्यावर दहा मीटर उंचीला तो सपाटीपेक्षा सुमारे ८० टक्के वेगवान निघाला. समोरच्या उताराचं गणित बऱ्यापैकी जुळलं, पण वाऱ्याआडच्या बाजूला मॉडेलं अडखळली. पुढे डेन्मार्कमधल्या बोलुंड या जेमतेम बारा मीटर उंचीच्या टेकाडावर मोजमापं झाली. ती न दाखवता जगभरच्या गटांकडून आधी अंदाज मागवले, तर त्यांची उत्तरं एकमेकांशीही पुरती जुळेनात. २०१७ मध्ये पोर्तुगालच्या पेर्दिगाव इथे दोन समांतर डोंगररांगांवर मनोऱ्यांबरोबर लायडारही लावले. लेझर किरणाने दूरवरचा वारा वाचणारं हे यंत्र. बारा मीटरचं टेकाड अजून नीट सुटत नाही, यातच तुमच्या मुलीसाठी किती काम शिल्लक आहे ते समजा.

आता वाट. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. पुढे भौतिकशास्त्र किंवा गणितात बीएस्सी करा, नाहीतर मेकॅनिकल, सिव्हिल, एरोस्पेस यांपैकी इंजिनिअरिंग. दोन्ही दारं उघडी आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे आणि महाबळेश्वरला तिची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा. दिल्लीची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथेही हा विषय शिकता येतो. ‘गेट’च्या अभियांत्रिकी विज्ञान पेपरात वातावरण व सागर विज्ञानाचा विभाग असतो, आणि ‘नेट’ला पृथ्वी व वातावरण विज्ञानाचा स्वतंत्र विषय. पायथन आणि लिनक्स पहिल्या वर्षापासूनच हाताला लागू द्या. हवामानाचं मॉडेल डब्ल्यूआरएफ आणि द्रवगतिकीचं सॉफ्टवेअर ओपनफोम ही दोन्ही फुकट मिळतात, घरच्या लॅपटॉपवरही त्यांची छोटी गणितं चालतात.

पालकांची खरी काळजी पोटापाण्याची असते आणि ती रास्त आहे. सॉफ्टवेअरइतक्या जागा इथे नाहीत. पवनऊर्जा कंपन्या, त्यांना सल्ला देणाऱ्या संस्था, चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था, हवामान खातं आणि संशोधन, एवढंच मुख्य क्षेत्र. पीएचडी करायची तर पाच वर्षं धरून चाला. ‘नेट’मधून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने सुरुवातीला महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं मिळतं, त्यामुळे त्या वर्षांचा भार घरावर पडत नाही. आणि मधेच वाट बदलावी लागली तरी द्रवगतिकी, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग हाताशी राहतं. त्याला इतर उद्योगांतही मागणी आहे.

नुसता ट्रेकिंगचा नाद असेल तर मात्र या विषयात येऊ नये. डोंगरावर चार दिवस जातात आणि आलेले आकडे तपासण्यात चार महिने. यंत्रावर पाणी साचतं, तार तुटते, मनोऱ्याचीच सावली वाऱ्यावर पडते, आणि अशी प्रत्येक चुकीची नोंद शोधून बाजूला काढावी लागते. ते काम ज्याला कंटाळवाणं वाटत नाही, त्याला हा विषय मानवेल.

पारख तुम्हालाच करता येते. वारा मोजायचं हातातलं छोटं यंत्र घ्या. कड्याजवळ जायचं कारण नाही, गावाजवळची टेकडी पुरे. शक्यतो दोघांनी एकाच वेळी, एकाने पायथ्याला आणि एकाने माथ्यावर, दहा-दहा मिनिटांची सरासरी वहीत उतरवायची. एकदा दुपारी, एकदा सूर्य मावळल्यावर. रात्री उतार गार पडला की थंड, जड हवा दरीकडे ओघळू लागते आणि दुपारचं चित्र पार बदलतं. मुलाने आठवडाभर हे आपणहून केलं, तर प्रवेश अर्जाची चौकशी सुरू करा.